सही बाईची, धंदा कुणाचा?



पेणमधल्या एका बैठकीत एक बाई शेवटपर्यंत गप्प बसून होती. सगळ्या उठायला लागल्या तेव्हा तिने पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. करखात्याची नोटीस होती. तिच्या नावावर दुकान होतं, जीएसटी नंबर होता आणि कित्येक महिन्यांची विवरणपत्रं भरायची राहिली होती. "मी त्या दुकानात कधी बसलेच नाही ताई," ती म्हणाली. "ह्यांनी सांगितलं, सही कर, कर वाचतो. केली." दुकान बंद झालं, पण नोंदणी रद्द करायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही. दंड मात्र तिच्या नावावर चढत गेला.

तिच्या शेजारी बसलेल्या मावशी वीस वर्षं पोह्याचे पापड करून विकतात. हाताखाली चार जणी आहेत. त्यांना बँकेने कर्ज नाकारलं, कारण उत्पन्नाचा एकही कागद नाही. "आमचा कसला धंदा, आम्ही आपले घरात पापड लाटतो!"

एकीच्या नावावर धंदा आहे, पण हातात नाही. दुसरीच्या हातात आहे, पण नावावर नाही. कर हा विषय आपण आजवर 'पुरुषांचा' म्हणून किंवा 'पैसेवाल्यांचा' म्हणून सोडून दिला. त्याची ही किंमत.

कराची भीती मोठी आहे, म्हणून आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला तेव्हापासून पापडावर हा कर शून्य आहे. मातीच्या मूर्तींवरचा कर त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये शून्यावर आणला गेला. जी बाई फक्त असा करमाफ माल विकते, तिला उलाढाल कितीही असली तरी नोंदणीची सक्ती नाही. सोबत मसाले, लोणची किंवा प्लास्टरच्या मूर्ती असतील तर हिशोब बदलतो. तरीही राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्यांना वर्षाला ₹40 लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही. सेवा देणाऱ्यांसाठी ही मर्यादा ₹20 लाख आहे.

रोह्याला धाटावच्या औद्योगिक वसाहतीतल्या कामगारांसाठी डबे करणारी बाई घ्या. रोज 40 डबे, डब्याला ₹80, वर्षाचे 300 दिवस. उलाढाल झाली ₹9,60,000. म्हणजे जीएसटीच्या मर्यादेच्या निम्म्याहून कमी. आयकराचंही तसंच. लहान धंद्याला वह्यांचा पसारा न ठेवता अंदाजे नफा दाखवायची सोय आहे: रोखीने आलेल्या रकमेवर किमान 8 टक्के, बँकेतून वा फोनवरून आलेल्या रकमेवर किमान 6 टक्के. खरा नफा त्याहून जास्त असेल तर जास्त दाखवायचा. 2025-26 पासून नव्या करपद्धतीत ₹12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नाही. ₹4 लाखांच्या वर उत्पन्न गेलं तर विवरणपत्र मात्र भरावंच लागतं.

म्हणजे आपल्यापैकी बहुतेकींना लपवण्यासारखं काही उरलेलंच नाही. विवरणपत्र भरलं नाही तर कर वाचत नाही; लपते ती फक्त बाई.

आता दुसरी बाजू. घरातल्या पुरुषाचा कर वाचावा म्हणून बायकोचं नाव लावणं ही जुनी रीत. 2005-06 पासून 2011-12 पर्यंत बायकांची करमुक्त मर्यादा पुरुषांपेक्षा जास्त होती. त्याने या रीतीला जोरच मिळाला. बायकोचं नाव आलं, मालकी आली नाही. कायद्याला ही चलाखी माहीत आहे. नवऱ्याने मोबदला न घेता बायकोला दिलेल्या मालमत्तेचं उत्पन्न नवऱ्याच्याच उत्पन्नात धरतात. त्याच्या धंद्यात ती काम करत असेल आणि तिला पगार दिला, तर तोही त्याच्याच उत्पन्नात मिळवतात. अपवाद एकच: तिच्याकडे तांत्रिक किंवा व्यावसायिक पात्रता असेल आणि तो पगार तिच्या त्या ज्ञान-अनुभवाचाच असेल.

इथे थांबून विचार करायला हवा. हमरापूर, जोहे भागातल्या गणपतीच्या कारखान्यांत बायका मूर्ती घासतात, रंगवतात, हिरे-टिकल्या लावतात. कारखाना नवऱ्याचा असेल तर हे सगळं 'घरचं काम' ठरतं. हे हाताचं कसब पात्रता नव्हे काय? करचुकवेगिरी रोखायला केलेला नियम राबणाऱ्या बाईचा पगारही नवऱ्याच्या खात्यात ढकलतो. या कसबाला पात्रता मानावं, ही मागणी आता आपणच लावून धरायला हवी.

मागणी मान्य होईल तेव्हा होईल. तोवर प्रत्येक गटाने एक दुपार यासाठी काढावी. घरातले कागद घेऊन बसावं आणि एकमेकींना विचारावं: माझ्या पॅन कार्डावर कुठली नोंदणी आहे? तिचा ओटीपी कुणाच्या फोनवर येतो? मी सही केलेला शेवटचा कागद कुठला, आणि तो मी वाचला का? बंद धंद्याची नोंदणी रद्द केली का? विक्री शून्य असली तरी जीएसटीचं विवरणपत्र चुकलं की दिवसाला ₹20 विलंब शुल्क लागतं, हे ध्यानात ठेवा. नोंदणी रद्द झाल्यावरही तीन महिन्यांत अंतिम विवरणपत्र द्यावं लागतं.

आणि रोजची वही लिहा. आज किती आलं, किती गेलं, कुणाला मजुरी दिली. धंद्याचं बँक खातं वेगळं आणि स्वतःच्या नावाचं ठेवा. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर फुकट होते. तिचे पैसे मागणाऱ्या दलालाला नाही म्हणा.

पापडवाल्या मावशींनी वही घेतली आहे. पहिल्या पानावर मुलाने त्यांचं नाव लिहून दिलं, तर त्यांनी ते खोडलं आणि वाकड्यातिकड्या अक्षरात स्वतः लिहिलं. नोटीसवाल्या मैत्रिणीची लढाई लांबची आहे. गट तिच्यासोबत जातो आहे.

तुमच्या गटात काय सापडलं ते पुढच्या अंकासाठी जरूर लिहून पाठवा.