रास्पबेरीची वेल आणि कागलचा एप्रिल

कारखान्याच्या तारेच्या कुंपणावर शोभेची रास्पबेरी चढवावी का, असं कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका वाचकांनी विचारलंय. रॉयल पाम, लॉन आणि कातरलेला डुरांटा यांपलीकडे तिथे कुणाला काही सुचतंय, याचाच आधी आनंद झाला. पण त्यांनी धाडलेला फोटो बघून म्हणावं लागलं, ही नको.

फोटोत आहे ती रुबस हेन्री. चीनमध्ये कस्टम खात्यात नोकरी करता करता हजारो वनस्पती गोळा करणाऱ्या ऑगस्टिन हेन्री या आयरिश गृहस्थाचं नाव तिला मिळालंय. पानं गडद, चकचकीत, तीन भागांत फाटलेली, पाठीमागून पांढरी. फळ धरतं, पण लोक तिला लावतात ते पानांसाठी. इंग्लंडातल्या भिंतींवर ती 20 फुटांपर्यंत जाते. तिला गारवा हवा. आपल्याकडे एप्रिलात पारा 38च्या पुढे सरकतो, तार तापते, वर समोरच्या डांबराची झळ. शेडनेट बांधून जगवता येईलही, पण शेडनेटमागे झाकलेली वेल शोभेची कसली! फळांसाठी लावतात ती लाल विलायती रास्पबेरीही विसरा. तिला बहरायला हिवाळ्यात 7 अंशांखालची थंडी शेकडो तास लागते. कोल्हापूरच्या हिवाळ्यात ती कुठून आणायची?

हौसच असेल तर सह्याद्रीतली आपली रुबस निव्हिअस बघा. जग तिला मैसूर रास्पबेरी म्हणतं. तिला कडक थंडीची गरज नाही. फ्लोरिडाच्या परसातही ती लावतात. मला तिच्या फळापेक्षा कोवळी फांदी आवडते. जांभळट, तिच्यावर पांढरी भुकटी. अंगठ्याने पुसली की खालचा रंग उजळतो. फळ आधी लाल, मग काळं, अंगावर बारीक लव.

पूर्वेच्या कुंपणाला लावा, म्हणजे दुपारनंतर कारखान्याच्या शेडची सावली मिळेल. मुरमात दोन फुटी खड्डा, चांगलं कुजलेलं शेणखत, आणि लागण जूनच्या पहिल्या पावसात. हिला तणावे नसतात; वाकड्या काट्यांनी अडकत अडकत वर जाते, म्हणून सुतळीने बांधावी लागते. काटा खरोखरचा आहे. सायकल स्टँड आणि गेटपासून लांबच ठेवा, नाहीतर पहिल्या शिफ्टचे शर्ट फाटतील आणि शिव्या तुम्हाला पडतील.

खरी गोम छाटणीत आहे. जमिनीतून आलेली फांदी साधारणपणे पुढच्या हंगामात फळते आणि मग वाळते. ती बुडातून काढायची, नव्या बांधायच्या. वाकून मातीला टेकलेलं टोक मुळं धरतं आणि पलीकडे दुसरं झाड उभं राहतं. शिवाय पाखरं फळं खाऊन बी कुठेही टाकतात. हीच आपली रास्पबेरी गालापागोस बेटांवर नेली आणि तिथलं जंगल गिळत सुटली. तिथले लोक तिला उपटून उपटून दमलेत. हिमालयातली पिवळी रास्पबेरी, हिसालू, तर जगातल्या 100 उपद्रवी परक्या जातींच्या यादीत जाऊन बसलीये. कागलच्या कोरड्या माळावर आपली मैसूर रास्पबेरी तेवढी माजेल असं मला वाटत नाही. तरी कुंपणापलीकडे शेजाऱ्याचा प्लॉट आहे, एवढं ध्यानात असू द्या.

छाटायला माणूस नसेल तर माधवीलता लावा. काटा नाही, ऊन सोसते, पांढऱ्या झालरदार फुलांतली एक पाकळी पिवळी आणि वास असा की सिक्युरिटीवालाही खुर्ची तिकडे सरकवेल. (परदेशातल्या उपद्रवामुळे तीही त्या 100 जातींच्या यादीत आहे, पण इथे ती घरचीच.) कुणाला डोंगरातल्या कंदीलपुष्पाच्या वेलीचा मोह झाला तर आधी शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात जाऊन बघा, डोंगरातून कंद उकरून आणू नका.

आणि बागेच्या ठेकेदाराचा करार काढून वाचा. लॉन कापणं, पाणी देणं, कचरा उचलणं एवढंच त्यात असतं. वेलीची वर्षातून दोनदा छाटणी, कातडी हातमोज्यांसह, हे कलम रोप आणण्याआधी घालून घ्या.