संवत्सरीनंतरचे पस्तीस दिवस

पर्युषणात यवतमाळ, वणी, दारव्हा, दिग्रस, पुसद, पांढरकवडा अशा बाजारपेठेच्या गावी व्याख्यानानंतर काही श्रावक धूम्रपानत्यागाचे पच्चक्खाण घेतात. एरवी दिवसाला दहा-बारा बिड्या वा सिगारेटी ओढणारा व्यापारी त्या आठ दिवसांत तिला खरोखर स्पर्श करीत नाही. दिवस स्थानकात जातो, दुकानावर अर्धेच लक्ष असते. पुढे संवत्सरी होते, क्षमापना होते, आणि गादीवर परतल्यावर त्याची छाती अकारण धडधडू लागते. मुनिमावर आवाज चढतो, रात्री दोनला जाग येते ती पहाटेपर्यंत. मग घरातलेच कोणी हळूच म्हणते, "एक ओढून या, पण असे वागू नका." पच्चक्खाण बहुधा याच वाक्यापाशी मोडते, पानठेला त्यानंतर येतो.

या वाक्यामागे एक समजूत असते की बिडी त्या माणसास शांत ठेवीत होती. समजूत उलटी आहे. धुराबरोबर निकोटीन काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते आणि साधारण दोन तासांत रक्तातील त्याचे प्रमाण निम्म्यावर येते. प्रमाण घसरले की अस्वस्थता सुरू होते, पुढील बिडीने ती तेवढ्यापुरती थांबते, आणि श्रेय मात्र बिडीला मिळते. कर्ज चढवणाऱ्याचेच हप्ता पुढे ढकलल्याबद्दल आभार मानावेत, तसा हा व्यवहार आहे. भाव पडल्याची चिंता बिडीने कधी कमी झालेली नसते. तिच्या जोडीला आलेली निकोटीनची तूट फक्त भरून निघते. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये २०१४ साली २६ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. धूम्रपान सोडून सहा आठवडे वा अधिक काळ लोटलेल्यांत चिंता, खिन्नता आणि ताण, तिन्ही पूर्वीपेक्षा कमी आढळले. ज्यांनी सोडले नाही त्यांच्यात असा बदल दिसला नाही.

अडचण आहे ती मधल्या दिवसांची. शेवटच्या बिडीनंतर काही तासांत चिडचिड, बेचैनी, एकाग्रतेचा अभाव सुरू होतो. पहिल्या आठवड्यात, विशेषतः दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, त्याचा जोर सर्वाधिक असतो आणि पुढे दोन ते चार आठवड्यांत बहुतेकांत तो ओसरतो. येथे आपले पंचांग व्यापाऱ्याच्या बाजूने आहे. श्वेतांबर परंपरेचे पर्युषण श्रावण वद्यात सुरू होते, मध्ये पोळा येतो, भाद्रपद शुद्ध चतुर्थी-पंचमीस संवत्सरी. तेथून दसरा पस्तीस-छत्तीस दिवसांवर असतो (अधिक आश्विन आला तर आणखी महिनाभर). दशलक्षणाच्या प्रारंभी सोडणाऱ्या दिगंबर बांधवांचाही हिशेब जवळपास तोच. या जिल्ह्यात कापसाची खरी धावपळ दसरा-दिवाळीच्या सुमारास सुरू होते. म्हणजे पर्युषणात सोडणाऱ्याचे सर्वांत कठीण दिवस बाजार मोकळा असतानाच सरतात. हेच काम ऐन हंगामात, गाड्यांची रांग दारात असताना, आरंभणे फार जड जाते.

उपवासाच्या दिवसांत आणखी एक गोष्ट घडते, तिची दखल क्वचितच घेतली जाते. उपवासात चहाही सुटतो, त्यामुळे डोके दुखते ते निकोटीनवाचून की चहावाचून, हे कळत नाही. पारण्यानंतर चहा पूर्वीच्याच मापाने सुरू होतो आणि घोळ वाढतो. धुरातील काही द्रव्यांमुळे यकृत कॅफिनचा निचरा वेगाने करीत असते. धूर बंद झाला की थोड्याच दिवसांत तो वेग मंदावतो, आणि तेवढ्याच चहा-कॉफीने रक्तातील कॅफिन जवळजवळ दुप्पट होऊ शकते. पेढीवर दिवसभरात आठ-दहा कप घेणाऱ्याची धडधड, हाताचा कंप आणि मोडलेली झोप यांत या चहाचा वाटा मोठा असतो. दोष मात्र व्रताला दिला जातो. कप निम्मे करावेत आणि दुपारनंतर चहा टाळावा. दम्यासाठी थिओफिलिन घेणाऱ्यांनी याच कारणास्तव डॉक्टरांकडून मात्रा पुन्हा ठरवून घ्यावी. मधुमेहींनीही उपवास व औषधे यांबाबत आधीच विचारलेले बरे.

बिडी सोडून खर्रा धरणे हा विदर्भातील नेहमीचा आडमार्ग. जिनिंगच्या आवारात आगीच्या भीतीने बिडी चालत नाही, तेव्हा तो अधिकच सोयीचा वाटतो. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के होते, तर धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. खर्‍यात निकोटीन तेच आहे. मुखाच्या कर्करोगाचा धोका वर. नुसती सुपारीही निरुपद्रवी नाही, ती स्वतः कर्करोगकारक ठरलेली आहे. ज्याला आधार हवाच त्याने डॉक्टरांच्या सल्ल्याने निकोटीनची गोळी अथवा पट्टी घ्यावी. ही गोळी सतत चघळायची नसते. थोडी चावून गालात ठेवायची, आणि तिच्या आधी पंधरा मिनिटे चहा घ्यायचा नाही. चौविहाराचे नियम पाळणाऱ्यास पट्टी सोयीची पडते, कारण ती त्वचेवर लागते.

तलफेची एक लाट सहसा पाच-दहा मिनिटेच टिकते. एका सामायिकाच्या ४८ मिनिटांत ती येऊन विरूनही जाते, हे करणाऱ्यांना ठाऊक असते. दुकानावर मात्र तेवढी सवड नसते, म्हणून तेथे साधी हालचाल बरी: गोदामापर्यंत चालत जाणे, संथ दीर्घ श्वास, पाण्याचा एक पेला. चूक झालीच, तर ती लपवण्यात जास्त नुकसान होते. महाराजसाहेबांसमोर घेतलेला नियम मोडल्याच्या लाजेने माणूस गोदामामागे जाऊन ओढू लागतो आणि घरच्यांना सहा महिने पत्ता लागत नाही. आलोचनेची वाट धर्माने याचसाठी ठेवली आहे. नियम पुन्हा घेता येतो. केंद्र सरकारच्या १८००-११-२३५६ या निःशुल्क क्रमांकावर तंबाखू सोडण्याबाबत समुपदेशन मिळते. चार आठवड्यांनंतरही भीती, निद्रानाश वा खिन्नता हटत नसेल, तर ती तंबाखूची मानू नये. जिल्हा ठिकाणच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मनोविकारतज्ज्ञास भेटावे. जीव नकोसा झाल्याचे बोलणे कानी आले तर चार आठवडे मोजत बसू नये. १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर लगेच बोलावे.

घरच्यांनी या पस्तीस दिवसांत दोनच कामे करावीत. चढलेल्या आवाजाला तेव्हाच उत्तर देऊ नये, आणि 'एक ओढून या' हे म्हणू नये. पेढीवर एक जास्तीचे काम आहे. सौद्याला आलेल्या पाहुण्यापुढे पाकीट व लायटर सरकवण्याची जुनी रीत काही गाद्यांवर अजून आहे. ते पाकीट गल्ल्यातून काढून टाकावे. पाहुण्याला वेलची आणि बडीशेप पुरते.