हवेचा धडा

"हवेत नायट्रोजन किती असतो?" असा प्रश्न वर्गात विचारला, की निम्मे हात तत्काळ वर जातात. शेकडा ७८ भाग नायट्रोजन, शेकडा २१ भाग प्राणवायू, ही उत्तरे मुलांच्या जिभेवरच असतात. उत्तर बरोबर येते, गुण मिळतात आणि पुस्तक मिटते. मी शिक्षक होतो तेव्हा मलाही एवढे पुरेसे वाटत असे. ते पुरेसे नाही, हे मला एका विद्यार्थ्याने शिकविले.

त्या वेळी मी मुख्याध्यापक होतो. दर शनिवारी शाळेचे आवार झाडण्यात येई आणि गोळा झालेला पालापाचोळा व कागद मैदानाच्या कोपऱ्यात जाळण्यात येत. हा शिरस्ता माझ्याच आज्ञेने चालू होता. एका शनिवारी मी सहावीच्या वर्गावर वायुप्रदूषणाचा पाठ घेतला. धुरातील अतिसूक्ष्म कण केसाच्या जाडीच्या सुमारे तिसाव्या हिश्श्याएवढे किंवा त्याहूनही बारीक असतात आणि श्वासाबरोबर फुप्फुसांत खोलवर जातात, हे मी समजावून सांगितले. शाळा सुटली, कोपऱ्यात नेहमीप्रमाणे धूर निघू लागला. तेव्हा एक मुलगा माझ्यापाशी आला व हळूच म्हणाला, "सर, हा धूर पाठातल्या धुरापेक्षा वेगळा आहे का?" त्याच्या स्वरात उद्धटपणा मुळीच नव्हता, त्याला खरोखरच उत्तर हवे होते. माझ्यापाशी ते नव्हते. पुढच्या आठवड्यात आम्ही मैदानाच्या कडेला खड्डा खणला आणि पाचोळ्याचे खत करू लागलो.

तेव्हापासून माझे मत ठाम झाले आहे, की हवेचा धडा नुसता पाठ करण्यासाठी नाही; तो आचरणात आणण्यासाठी आहे.

यावर कोणी म्हणेल, "पाचोळ्याच्या एका ढिगाने असे काय बिघडणार?" त्याने लंडन शहराची हकीकत ऐकावी. डिसेंबर १९५२ मध्ये त्या शहरावर पाच दिवस दाट, काळपट धुके साचून राहिले. वारा पडला होता आणि जमिनीलगतच्या थंड हवेवर उबदार हवेचे जणू झाकणच बसले होते. त्यामुळे धूर वर जाईना. तो धूर कारखान्यांचा होता, तसाच घरोघरी ऊब मिळविण्यासाठी पेटविलेल्या कोळशाचाही होता. त्यामुळे सुमारे चार हजार माणसे दगावली, अशी त्या वेळी गणती झाली; पुढील काळातील काही संशोधकांनी हा आकडा बारा हजारांपर्यंत असावा, असे अनुमान काढले. प्रत्येक घराला आपली शेगडी लहानच वाटत असणार. परंतु लहान शेगड्यांची बेरीज लहान नव्हती!

दुसरा कोणी विचारील, "मग काय, कारखाने आणि वाहने बंद करावयाची?" तसे नव्हे. १९५६ मध्ये तेथे स्वच्छ हवेचा कायदा झाला. लोक थंडीत कुडकुडत बसले नाहीत. त्यांनी हळूहळू जळण बदलले. पुढे १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरील ओझोनचा थर विरळ होत असल्याचे शास्त्रज्ञांनी जगापुढे मांडले. अवघ्या दोन वर्षांत, १९८७ साली, माँट्रियल येथे अनेक राष्ट्रांनी करार केला. शीतकपाटे बंद पडली नाहीत. त्यांतील घातक वायू तेवढे बदलले. आज तो थर सावकाश भरून येत आहे. ज्ञान आणि कृती यांची गाठ पडली, की असे घडते.

एक काम मात्र अपुरेच आहे. हवेत कार्बन डाय-ऑक्साइड शेकडा अवघा ०.०४ भाग असतो. पण तो उष्णता धरून ठेवतो. चार्ल्स कीलिंग या शास्त्रज्ञाने १९५८ पासून हवाई बेटावरील मौना लोआ पर्वतावर त्याचे मोजमाप आरंभिले. तेव्हा दहा लक्ष भागांत तो सुमारे ३१५ भाग होता. आज तो ४२० भागांहून अधिक आहे. ही वाढ डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही. कोणी चिकाटीने मोजली म्हणूनच ती कळली. तिच्यामुळे पृथ्वी तापत आहे आणि शेतकऱ्याची भाकरी ज्या पावसावर अवलंबून आहे, त्याची घडी विसकटू लागली आहे. कोळसा व खनिज तेल यांवर आपले दिवे आणि गाड्या चालतात. म्हणून हे काम ओझोनच्या कामाहून कठीण आहे. हा भार तुम्ही निर्माण केलेला नाही. तो आम्हां वडीलधाऱ्यांच्या पिढ्यांनी वाढविला आहे, हे मी मान्य करतो.

म्हणून मुलांनो, हवेतील वायूंचे प्रमाण अवश्य पाठ करा. परंतु पुस्तक मिटल्यावर खिडकीबाहेरही पहा. कोठे धूर दिसला, तर तो कशाचा आहे आणि टाळता येईल काय, याचा विचार करा. आणि जे शिकविले जाते ते आचरणात दिसत नसेल, तर विनयाने प्रश्न विचारा. मग समोर मुख्याध्यापक का असेनात! विनयाने विचारलेल्या प्रश्नाने कोणाचा अपमान होत नाही. कधी कधी एखाद्या शाळेचे मैदान मात्र त्याने स्वच्छ होते.