निवृत्तीनंतर वस्ती कोठें करावी?

आमची सरकारी नोकरी गेल्या वर्षीं संपली. महसूल खात्यांत कारकून म्हणून चौतीस वर्षें काढल्यावर अठ्ठावन्नाव्या वर्षीं निरोपाचा नारळ हातीं आला, आणि दुसऱ्याच दिवसापासून जो तो एकच प्रश्न विचारूं लागला: "आतां राहणार कोठें?" हा प्रश्न पगारी नोकराचाच आहे असें पुष्कळांस वाटतें. आम्हांस तसें वाटत नाहीं. शेतकऱ्यास निवृत्तीचा हुकूम कोणी देत नाहीं हें खरें. परंतु गुडघे एके दिवशीं तो देतात. मुलें पुण्यामुंबईस स्थिरावलेलीं असतात, आणि "बाबा, आतां शेत विका आणि इकडे या," असा निरोप वरचेवर येऊं लागतो. म्हणून या विषयावरील आमचें मत शेतकरी बंधूंपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

तें मत प्रथमच सांगून टाकतों. म्हातारपणची जागा हवेवरून किंवा देखाव्यावरून निवडूं नये, तीन अंतरांवरून निवडावी: डॉक्टर किती दूर, आपलें शेत किती दूर, आणि आपणांस नांवानें हाक मारणारीं माणसें किती दूर. आणि अशी जागा मिळविण्यासाठीं शेत विकूं नये.

हवापाण्याचा विचार प्रथम मनांत येतो यांत नवल नाहीं. इंग्रजी अमदानींत साहेबलोकांनींही तोच केला. महाबळेश्वरीं पावसाळ्यांत राहणें कठीण, म्हणून १८६० नंतरच्या काळांत जॉन चेसन या गृहस्थाच्या देखरेखीखालीं पांचगणीची वसाहत उभी राहिली. कारण तेथें बारमाही राहतां येतें. महाबळेश्वरास वर्षाकाठीं साडेपांच हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. अठरा-वीस किलोमीटरांवरील पांचगणीस तो पुष्कळच कमी होतो, आणि पसरणीचा घाट उतरून वाईस आलें म्हणजे हजाराच्याही आंत येतो. ज्यांस परवडेल त्यांनीं पांचगणीस खुशाल राहावें. परंतु आज तेथील गुंठ्याचा भाव चांगल्या बागायतदारासही झेपणारा नाहीं. शिवाय २००१ सालीं केंद्र सरकारनें महाबळेश्वर-पांचगणीचा टापू पर्यावरणाच्या दृष्टीनें नाजूक क्षेत्र म्हणून जाहीर केल्यापासून तेथील बांधकामावर निर्बंध आहेत. स्वस्त जागेची जाहिरात पाहून कागद तपासल्यावांचून कोणीही विसार देऊं नये.

दुसरा विचार क्षेत्रवासाचा. आमच्या घराण्यांत पंढरीची वारी आहे, तेव्हां हें आम्ही अनादरानें लिहीत नाहीं. परंतु आषाढी, कार्तिकी, माघी आणि चैत्री या चार वाऱ्यांच्या वेळीं पंढरपुरांत पाय ठेवण्यास जागा नसते, आणि आजारी माणसास दवाखान्यापर्यंत नेणें जिकिरीचें होतें. पावसाळ्यांत उजनीचें पाणी सुटलें म्हणजे चंद्रभागेकांठच्या सखल वस्तीची तारांबळ उडते. वारकरी वारी करून आपल्या शेताघरीं परत येतो, हीच त्या मार्गाची रीत आहे. ती रीत म्हातारपणींही पाळण्यास हरकत नसावी.

तिसरा मार्ग मुलाकडे जाण्याचा. चिरंजीवांच्या आग्रहावरून आम्ही उभयतां तीन महिने पुण्यास राहून आलों. घर सातव्या मजल्यावर, स्वच्छ आणि हवेशीर. मुलगा व सून दोघेंही सुस्वभावी. दोष त्यांचा मुळींच नाहीं. परंतु तीं सकाळीं आठास बाहेर पडत तीं रात्रीं आठास परतत. मधले बारा तास आम्ही दोघें आणि घड्याळ. खालीं उतरलें तर बोलावयास एक रखवालदार, सोलापुराकडील होतकरू मुलगा. त्याच्याशीं आम्ही पावसापाण्याच्या गोष्टी करीत असूं. सोसायटीची मासिक वर्गणी आणि उन्हाळ्यांत टँकरच्या पाण्याचा वांटा, यांची बेरीज केली तर तेवढ्यांत तालुक्याच्या गांवीं घर भाड्यानें मिळेल. आमच्या कुटुंबानें एके दिवशीं सहज म्हटलें, "इथं शेजारी चमचाभर हळद मागायला जायचीसुद्धां सोय नाहीं." पुढल्याच आठवड्यांत आम्हीं परतीची एस.टी. धरिली.

मग आपलें गांव काय वाईट, असें कोणी विचारील. आमचें गांव खटाव तालुक्याच्या दुष्काळी भागांत आहे. तेथें घर आहे, भाऊबंद आहेत, शाळूची भाकरी आहे. परंतु चैत्र-वैशाखांत विहिरी तळ गांठतात. आणि डॉक्टर नाहीं. दोन वर्षांपूर्वीं आमच्या वडील बंधूंस मध्यरात्रीं छातींत कळ आली. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आपल्या राज्यांत २०१४ पासून सुरू आहे. ती आली आणि बंधूंचा जीव वांचला. परंतु वाट पाहण्यांत गेलेला तो पाऊण तास आमच्या वहिनी अद्याप विसरलेल्या नाहींत. साठीनंतर असा पाऊण तास केव्हां येईल याचा नेम नसतो.

येथें एक कबुली दिली पाहिजे. आमच्या मनांत खरी जागा होती ती वाई. नोकरीचीं चार वर्षें आम्ही तेथें काढलीं. कृष्णेचे घाट, ढोल्या गणपतीचें देऊळ, वाचनालय, विश्वकोशाच्या कार्यालयामुळें गांवांत नांदणारी विद्येची चर्चा, माघ-फाल्गुनांत आळीआळीनें होणारा कृष्णाबाईचा उत्सव. कारकुनास याहून अधिक सुख तें कोणतें असावें? आमच्या वांट्यास वडिलोपार्जित पांच एकर आहे. त्यांतील तीन विकून वाईस लहानसें घर घ्यावें असें ठरलें, गिऱ्हाईकही आलें, आणि विसाराची तारीख निघाली. आदल्या रात्रीं आम्हांस एका गृहस्थाची आठवण झाली, आणि आम्हीं तो व्यवहार मोडला.

ते गृहस्थ आठ एकरांचे धनी होते. मुलाच्या सांगण्यावरून त्यांनीं सर्व जमीन विकली व शहरांत मुलाच्या नांवें घर घेतलें. चार वर्षांनीं पत्नी वारली, मन लागेना, म्हणून ते परत आले. एका विहिरीजवळचीं तीस-चाळीस गुंठे घ्यावीं, झोपडी बांधावी, चार कोंबड्या पाळाव्या, एवढीच त्यांची इच्छा. परंतु कुळकायद्याच्या, म्हणजे मूळच्या १९४८ च्या मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियमाच्या, ६३ व्या कलमाप्रमाणें जो शेतकरी नाहीं त्यास परवानगीवांचून शेतजमीन खरेदी करतां येत नाहीं. शेतकरी असल्याचा पुरावा मागितला गेला. त्यांचें नांव तर कोणत्याच सातबाऱ्यावर उरलें नव्हतें. मेजासमोर उभे राहून त्यांनीं आम्हांस विचारलें, "साठ वर्षं नांगर धरला. मी शेतकरी नाहीं तर कोण?" आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. अर्ज अपुरा असल्याचा शेरा मात्र आमच्याच हातानें लिहावा लागला.

आम्हांस निवृत्तिवेतन आहे. शेतकऱ्यास तें नाहीं. त्याचें निवृत्तिवेतन म्हणजे त्याची जमीन. ती विकून आलेली रक्कम घरांत, लग्नांत आणि आजारांत किती लवकर विरते हें आम्हीं पुष्कळदां पाहिलें आहे. अंगांत बळ नसेल तर जमीन वांट्यानें लावावी. परंतु करार लेखी ठेवावा आणि सातबाऱ्यावरील पीकपाहणीकडे डोळ्यांत तेल घालून लक्ष द्यावें. २०२१ पासून ई-पीकपाहणी आली आहे, आणि तींत शेतांत उभें राहून मोबाइलवर पिकाचें छायाचित्र काढावें लागतें. सातव्या मजल्यावरून तें काम होत नाहीं. शेत एस.टी.च्या पल्ल्यांत असावें असें आम्ही म्हणतों त्याचें हेंही एक कारण आहे.

दुसरी सूचना बक्षीसपत्राविषयीं. मुलांवर विश्वास ठेवावा. परंतु जिवंतपणीं सगळी जमीन त्यांच्या नांवें करून मोकळें होऊं नये. करावयाचीच असेल तर आईबापांचा सांभाळ करण्याची अट त्या कागदांत स्पष्ट लिहावी. ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासंबंधीं २००७ सालीं झालेल्या कायद्याच्या २३ व्या कलमाप्रमाणें, अशी अट असून सांभाळ न झाल्यास तें हस्तांतर रद्द ठरवून घेतां येतें, आणि त्यासाठीं उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करतां येतो. अट लिहिण्याचा संकोच करून पुढें पस्तावलेले आईबाप आम्हीं कचेरीच्या ओसरीवर बसलेले पाहिले आहेत.

राहतां राहिली जागा. आम्हीं शेवटीं वडूज पसंत केलें. येरळेकांठचें हें तालुक्याचें गांव कोणाच्या सहलीच्या यादींत नाहीं. परंतु दोन खोल्या आणि पडवी साडेचार हजार रुपये भाड्यानें मिळाली. दवाखाना, औषधांचें दुकान, बँक आणि कचेरी पायीं जाण्याच्या अंतरावर आहेत. आणि आमचें शेत बारा किलोमीटरांवर आहे. आठवड्यांतून दोनदां आम्ही उभयतां शेतावर जातों. २०२३ पासून एस.टी.नें स्त्रियांस अर्धें तिकीट केल्यामुळें आमच्या कुटुंबास निम्मे पैसे पडतात, आणि आम्हांस पूर्ण. पासष्टीनंतर आमचेंही अर्धें होईल व पंचाहत्तरीनंतर मुळींच लागणार नाहीं, असा हिशेब ती प्रत्येक खेपेस ऐकविते. बाजारांत चार माणसें हाक मारतात. कोणी सातबाऱ्यांतील चूक दाखवावयास येतो, कोणी अर्ज लिहून घेतो. मोबदल्यांत कधीं मेथीची जुडी मिळते, कधीं नुसता रामराम.

ज्यांस अशी निवड करावयाची असेल त्यांस आमचें सांगणें इतकेंच कीं, घर विकत घेण्यापूर्वीं तेथें एक वर्ष भाड्यानें राहावें. चैत्रांत पाणी किती दिवसांआड येतें तें पाहावें, श्रावणांत घर गळतें काय तें पाहावें. जिना नसलेलें घर पाहावें. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरील सर्वांस आयुष्मान योजनेंत वर्षाला पांच लाख रुपयांपर्यंत उपचाराची सोय झाली आहे. परंतु ती योजनेंतील रुग्णालयांतच मिळते, म्हणून असें रुग्णालय जवळपास कोठें आहे याची चौकशी आधींच करावी. आणि हा सगळा विचार नवऱ्यानें एकट्यानें करूं नये. मागें राहण्याची पाळी बहुधा बायकोवर येते. तिला जेथें एकटीनें राहतां येईल तीच जागा खरी.

वाईचा मोह अद्याप सुटलेला नाहीं. यंदा कृष्णाबाईच्या उत्सवास चार दिवस जाऊन आलों, घाटावर बसलों, आणि परत आलों तों कांदा काढणीस आला होता. ज्या वाचकांनीं याहून निराळी वाट धरून सुख मिळविलें असेल त्यांनीं आपला अनुभव या मासिकाकडे अवश्य लिहून पाठवावा. आमचें मत चुकीचें ठरलें तरी आम्हांस वाईट वाटणार नाहीं.