पायाभरणीपूर्वी

भिलाईचे नाव घेतले की पोलाद कारखाना आठवतो. १९५५ साली भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला व ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्याबरोबर वसाहती, रस्ते, शाळा व रुग्णालये आली. आज भिलाई, दुर्ग आणि बोरसीसारख्या वस्त्या एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. परंतु या भूमीचा इतिहास कारखान्यापासून सुरू होत नाही. भिलाई-३ जवळच्या देवबलोदा येथे कलचुरी काळातील शिवमंदिर आहे. शेजारी कुंड आहे आणि महाशिवरात्रीला तेथे मेळा भरतो. झोतभट्टी आणि मंदिर ही दोन्ही माणसाच्या श्रमाचीच स्मारके होत.

देवबलोद्याच्या मंदिराला कायद्याचे कवच आहे. प्राचीन स्मारकांसंबंधी १९५८ साली कायदा झाला. २०१० च्या दुरुस्तीने संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामास मनाई झाली आणि त्यापुढील २०० मीटरपर्यंत परवानगी आवश्यक ठरली. मात्र देशात केंद्राने संरक्षित केलेली स्मारके सुमारे ३,७०० आहेत. गावोगावच्या बारवा, वीरगळ, सतीशिळा, पडके वाडे आणि मातीखाली दडलेल्या जुन्या वसाहती यांपैकी बहुतेकांची नोंद कोणत्याच यादीत नाही. रस्ता किंवा कालवा खोदताना यंत्राचा घाव प्रथम पडतो तो अशा बेवारस ठेव्यावर.

मग बांधकामे थांबवावीत काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. कोरडवाहू शेतकऱ्याला पाणी हवे, तरुणांना काम हवे. प्रश्न बांधकाम करावे की नाही हा नसून पाहणी केव्हा करावी हा आहे.

भिलाईचा करार झाला त्याच वर्षी कृष्णा नदीवर नागार्जुनसागर धरणाची पायाभरणी झाली. बुडणाऱ्या खोऱ्यात इक्ष्वाकू राजांची राजधानी आणि अनेक बौद्ध विहार होते. १९५४ ते १९६० या काळात तेथे उत्खनन झाले. निवडक वास्तू टेकडीवर पुन्हा उभारल्या गेल्या. ती टेकडी आज जलाशयातील बेट असून तेथे संग्रहालय आहे. गोव्यात साळावली धरणासाठी कुर्डी गाव पाण्याखाली गेले, तेव्हा तेथील प्राचीन महादेव मंदिराचे दगड सोडवून ते दुसरीकडे पुन्हा उभारण्यात आले. धरणेही झाली आणि काही ठेवाही वाचला. सर्व काही वाचले नाही, हेही खरे. स्थलांतरित वास्तूला तिचा मूळ परिसर परत मिळत नाही. म्हणून स्थलांतर हा शेवटचा उपाय मानावा.

पहिला उपाय साधा आहे. आराखडा कागदावर असतानाच जागेची पुरातत्त्वीय पाहणी व्हावी. त्या वेळी रस्त्याचे वळण बदलणे ही केवळ एका रेषेची बाब असते. काम निम्मे झाल्यावर तेच वळण वेळ आणि पैसा दोन्ही खाते. पाहणीत गावातील वृद्ध, शेतकरी व मजूर यांना विचारले पाहिजे. नांगराच्या फाळाला कोठे विटा लागतात, कोणत्या शेतात खापरे सापडतात, हे त्यांना ठाऊक असते. पाहणीचा अहवाल ग्रामसभेपुढे वाचला जावा आणि खोदकामात काही आढळल्यास काम काही दिवस थांबवण्याची तरतूद कंत्राटातच असावी.

सार्वजनिक जमीन सरकारची नसते, ती लोकांची असते. आणि ‘लोक’ या शब्दात होऊन गेलेल्या व पुढे येणाऱ्या पिढ्याही येतात. कारखाना जुना झाला तर नवा उभारता येतो. आठशे वर्षांपूर्वीचा कोरीव दगड फुटला तर तो पुन्हा घडवता येत नाही. एवढा फरक ध्यानात ठेवून कुदळ उचलली, तर विकास आणि वारसा यांत वैर उरणार नाही.