वेलांची छाटणी: पाहणी आधीं, कात्री मागाहून

परसांतील दुध्याचा वेल मांडवभर पसरतो, फुलेंही पुष्कळ येतात, परंतु फळ धरत नाहीं, अशी तक्रार घरोघर ऐकूं येते. याचें कारण असें कीं, दुध्याच्या मुख्य वेलावर बहुधा नरफुलेंच येतात. ज्यांच्या मागें इवलेंसें फळ असतें, तीं मादीफुलें बगलफुटींवर अधिक धरतात. आम्ही एके वर्षीं बगलफुटी निरुपयोगी समजून खुडल्या व केवळ पाल्याचे धनी झालों. तेव्हांपासून वेल मांडवास पोहोंचला कीं त्याचा शेंडा खुडतों व बगलफुटी राखतों.

परंतु हाच नियम काकडीस सरसकट लावूं नये. हल्लींच्या कांहीं संकरित वाणांस मुख्य वेलावरच मादीफुलें येतात. त्यांचा शेंडा मोडणें म्हणजे आपलेंच उत्पन्न मोडणें होय. भुरी पडलेलीं व जमिनीस टेकलेलीं जुनीं पानें काढावीं. निरोगी हिरवीं पानें मात्र राखावीं, कारण फळाचें पोषण तींच करतात.

शेत न पाहतां चावडीवर बसून लिहिलेली पीकपाहणी कितपत खरी असते, हें महसुली दप्तरांत उमर घालविलेल्या आम्हांस ठाऊक आहे. वेल न पाहतां चालविलेल्या कात्रीचीही तीच गत. शेतकरीबंधूंनीं आधीं फुलें ओळखावीं, मग कात्री उचलावी, एवढेंच आमचें म्हणणें.