तेराव्या वर्षीचे भाकीत आणि राजूरची वाट

६ ऑक्टोबर २०१७ रोजी दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर भारतीय फुटबॉल संघ इतिहासात प्रथमच ‘फिफा’च्या विश्वचषक स्पर्धेत उतरला. स्पर्धा सतरा वर्षांखालील मुलांची होती आणि समोर अमेरिका होती. आपल्या आघाडीच्या फळीत कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. एकवीस जणांच्या चमूत अमेरिकेत वाढलेला नमित देशपांडेही होता. भारत हा सामना ०-३ असा हरला. जॉश सार्जंट, क्रिस डर्किन आणि अँड्र्यू कार्लटन यांनी अमेरिकेचे गोल केले. अमेरिकी फुटबॉलचे भवितव्य उज्ज्वल आहे, असाच निष्कर्ष त्या रात्री कोणीही काढला असता. गंमत अशी, की त्यानंतर अवघ्या चारच दिवसांनी अमेरिकेचा मोठ्यांचा संघ त्रिनिदाद आणि टोबॅगोकडून १-२ असा हरला आणि २०१८ च्या विश्वचषकाला मुकला.

ही जुनी आकडेवारी आज उकरून काढण्याचे कारण महाराष्ट्रातच घडले आहे. १४ डिसेंबर २०२५ रोजी लिओनेल मेस्सी मुंबईत वानखेडे स्टेडियमवर आला, तेव्हा राज्य सरकारच्या ‘महादेवा’ प्रकल्पाचा गाजावाजा झाला. तेरा वर्षांखालील तीस मुले आणि तीस मुली निवडून त्यांना पाच वर्षे शिष्यवृत्तीसह प्रशिक्षण द्यावयाचे, अशी ही योजना आहे. हेतू स्तुत्य आहे, याविषयी दुमत असू नये. प्रश्न आहे तो निवडीचा. बारा-तेरा वर्षांच्या पोराकडे पाहून हा पुढे व्यावसायिक फुटबॉलपटू होईल, असे सांगता येते काय? ज्या देशाने या प्रश्नावर आपल्यापेक्षा कितीतरी अधिक पैसा, विज्ञान आणि वेळ खर्च केला, त्या अमेरिकेचा अनुभव यासाठी तपासून पाहिला पाहिजे.

दिल्लीत जिंकलेल्या त्या संघाचे पुढे काय झाले? कतारमध्ये २०२२ साली झालेल्या विश्वचषकात अमेरिकेच्या मुख्य संघात त्यांतील तिघे पोहोचले : सार्जंट, सर्जिन्यो डेस्ट आणि टिम वेआ. एकविसातील तीन, म्हणजे सातात एक. हे प्रमाण वाईट मुळीच नाही. मात्र या तिघांची जडणघडण पाहिली, तर चित्र थोडे बदलते. डेस्ट हा नेदरलँड्समध्ये जन्मला आणि आयाक्स क्लबच्या अकादमीत घडला. वेआ न्यूयॉर्कचा असला, तरी किशोरवयातच पॅरिस सेंट जर्मेनच्या अकादमीत गेला. शिवाय १९९५ चा ‘बालाँ द’ऑर’ विजेता जॉर्ज वेआ हा त्याचा पिता. तिघांपैकी अमेरिकेच्या मातीत वाढून पुढे गेलेला एकटा सार्जंट.

आणि कार्लटन? त्या पिढीत सर्वाधिक बोलबाला त्याचाच होता. अटलांटा युनायटेडने स्वतःचा पहिला सामना खेळण्यापूर्वीच, २०१६ साली, या मुलाला ‘घरचा खेळाडू’ म्हणून करारबद्ध केले होते. दोन्ही पायांत जादू आहे, असे त्याच्याविषयी बोलले जाई. परंतु अमेरिकेच्या मुख्य लीगमध्ये त्याला पाय रोवता आले नाहीत आणि तो खालच्या श्रेणीत खेळत राहिला. याउलट त्याच वर्षी, म्हणजे २००० साली जन्मलेला ब्रेंडन आरन्सन हा किरकोळ अंगयष्टीचा मुलगा २०१७ च्या त्या संघात नव्हता. फिलाडेल्फिया युनियनच्या अकादमीतून तो २०१९ मध्ये मुख्य लीगमध्ये उतरला, २०२१ च्या आरंभी ऑस्ट्रियातील साल्झबर्गकडे गेला आणि कतारला जाणाऱ्या संघात त्याचे नाव होते. सतराव्या वर्षी विश्वचषक संघाबाहेर असलेला पोरगा बाविसाव्या वर्षी विश्वचषक खेळला आणि सतराव्या वर्षीचा तारा घरी राहिला.

हा अपवाद म्हणावा, तर फ्रेडी अडूची कथा सर्वश्रुत आहे. घानामध्ये जन्मलेल्या या मुलाला अमेरिकेच्या लीगने चौदाव्या वर्षी करारबद्ध केले. एप्रिल २००४ मध्ये तो डी. सी. युनायटेडकडून मैदानात उतरला. साक्षात पेलेबरोबर तो जाहिरातीत झळकला. पुढे बेनफिकापासून तुर्कस्तान, ब्राझील आणि फिनलंडपर्यंत त्याने इतके क्लब बदलले, की त्यांचा हिशेब ठेवणे कठीण व्हावे. अमेरिकेकडून त्याचे सामने झाले अवघे सतरा. ज्या काळात अडूवर कॅमेरे रोखलेले होते, त्याच काळात, २००५ साली, ख्रिस वोंडोलोव्स्की नावाचा एका लहानशा महाविद्यालयातील खेळाडू पूरक निवडीच्या चौथ्या फेरीत, जवळजवळ दयेखातर म्हणावे तसा, घेतला गेला. पहिली पाच वर्षे तो राखीव फळीत कुजत होता. २०१० मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी, तो लीगमधील सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला आणि २०२१ मध्ये निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर १७१ गोल होते. तो लीगचा विक्रम होता.

अर्थात, एवढ्यावरून ‘गुणवत्ता ओळखताच येत नाही’ असा निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे होईल. फ्लोरिडातील ब्रॅडेंटन येथे अमेरिकी महासंघाने १९९९ मध्ये निवासी केंद्र सुरू केले. त्याच्या पहिल्याच तुकडीत लँडन डोनोव्हन होता आणि त्याची निवड शंभर टक्के खरी ठरली. मग चूक नेमकी कोठे होते? तिची तीन कारणे तरी ठळकपणे सांगता येतात.

पहिले कारण शरीराचे आहे. तेराव्या वर्षी दोन मुलांच्या शारीरिक वाढीत दोन-तीन वर्षांचे अंतर सहज असू शकते. ज्याला लवकर मिसरूड फुटली, तो धावण्यात आणि धडकेत वरचढ ठरतो. स्काऊटला ती ताकद दिसते आणि तो तिलाच गुणवत्ता समजतो. जन्ममहिन्याचाही असाच परिणाम होतो. वयोगटाची रेषा १ जानेवारीला आखली, की जानेवारीत जन्मलेला मुलगा डिसेंबरात जन्मलेल्यापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा असूनही दोघे एकाच गटात मोजले जातात. कॅनडातील आइस हॉकीपासून युरोपातील फुटबॉलपर्यंत अनेक अभ्यासांत निवडलेल्या मुलांमध्ये वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्यांचा भरणा आढळला आहे. यावर उपाय म्हणून जन्मवर्षाऐवजी शारीरिक वाढीनुसार गट पाडून मुलांना खेळविण्याचा प्रयोग इंग्लंड आणि अमेरिकेत होत आहे. आपल्याकडे मनगटाच्या क्ष-किरण चाचणीचा उपयोग प्रामुख्याने वयचोरी पकडण्यासाठी होतो. उशिरा वाढणाऱ्या मुलाला न्याय देण्यासाठी तिचा विचार फारसा होत नाही. ज्या प्रदेशात मागच्या पिढीपर्यंत निम्म्या वर्गाची जन्मतारीख गुरुजींच्या कृपेने १ जून होती, तेथे या विषयाचे गांभीर्य अधिक आहे.

दुसरे कारण नजरेचे आहे. गती, उंची, चेंडूवरील कसरती हे एका दुपारच्या चाचणीत मोजता येते. पण चेंडू पायाशी येण्याआधी मान वळवून आजूबाजूचा अंदाज घेणे, चुकलेल्या पासनंतर पुढच्या क्षणी काय करणे, हरत असताना जागा न सोडणे हे गुण एका दुपारी दिसत नाहीत. मोठ्या फुटबॉलमध्ये तेच टिकतात. त्यासाठी मुलाला निदान एक हंगाम, निरनिराळ्या प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध पाहावे लागते. चाचणी ही परीक्षा आहे आणि हंगाम हा अभ्यासक्रम आहे. आपण मात्र परीक्षाच तेवढी घेतो.

तिसरे कारण सर्वांत जुने आणि सर्वांत कमी बोलले जाणारे : अंतर आणि पैसा. अमेरिकेत चांगल्या युवा क्लबमध्ये खेळायचे, तर पालकांना भरभक्कम शुल्क मोजावे लागते. त्या देशात फुटबॉल हा उपनगरांतील सुखवस्तू घरांचा खेळ झाला, तो यामुळेच. क्लिंट डेम्प्सी टेक्सासमधील नॅकोडोचेस या लहान गावात वाढला. डॅलसच्या क्लबमध्ये खेळण्यासाठी त्याला एकेका वेळेस सुमारे तीन तासांचा प्रवास करावा लागे आणि मध्यंतरी घरच्या परिस्थितीमुळे तो खंडितही झाला होता. संघातील इतर कुटुंबांनी हात दिला, म्हणून तो टिकला. पुढे त्याने देशासाठी ५७ गोल करून डोनोव्हनच्या विक्रमाची बरोबरी केली. त्याच्यासारखे किती डेम्प्सी त्या रस्त्यावर मध्येच थांबले, याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही.

येथे यवतमाळ जिल्ह्यातील राजूरचा विचार करावासा वाटतो. वणी तालुक्यातील हे गाव कोळशाच्या खाणीसाठी आणि चुन्याच्या भट्ट्यांसाठी ओळखले जाते. खाणीमुळे निरनिराळ्या भागांतून आलेल्या कामगारांची वस्ती, पाळीचे आयुष्य आणि अंगावर धूळ घेऊन परतणारी माणसे हे येथील वास्तव. खाणपट्ट्यांचे आणि फुटबॉलचे नाते जगभर जुने आहे. इंग्लंडच्या ईशान्येकडील कोळसा गावांनी बॉबी आणि जॅक चार्लटन बंधू दिले. पण राजूरमधील बारा वर्षांच्या मुलाला निवड समितीसमोर उभे राहायचे, तर जिल्ह्याचे ठिकाण सुमारे शंभर किलोमीटर दूर आणि विदर्भातील फुटबॉलचे केंद्र असलेले नागपूर त्याहूनही लांब. मुलाला घेऊन जाणाऱ्या बापाची एक दिवसाची मजुरी बुडणार, प्रवासखर्च वेगळा आणि चाचणी दोन दिवस चालली, तर मुक्कामाचा प्रश्न आणखी वेगळा. म्हणजे या मुलाची पहिली निवड चाचणी प्रशिक्षक घेत नाही, ती एस. टी. चे वेळापत्रक घेते. ज्याला मैदानावर पोहोचताच आले नाही, त्याची गुणवत्ता कमी होती असे कोणी म्हणत नाही. त्याच्याविषयी कोणी काहीच म्हणत नाही, एवढेच.

हा प्रश्न सुटणारा नाही, असे मानण्याचे कारण नाही. नागपुरात विजय बारसे यांनी २००१ पासून झोपडपट्टीतील मुलांना फुटबॉलकडे वळविले. त्या कामावरून प्रेरणा घेऊन नागराज मंजुळे यांनी २०२२ मध्ये ‘झुंड’ हा चित्रपट काढला. तेथे आधी खेळ मुलांच्या वस्तीत गेला, निवडीचा विचार नंतर झाला. क्रम हाच असावा लागतो. स्वतः अनिकेत जाधव हा राज्य शासनाच्या पुण्यातील क्रीडा प्रबोधिनीतून पुढे आला, हेही विसरता कामा नये. कोल्हापुरात मात्र गल्लोगल्ली तालमींचे संघ आहेत, शाहू स्टेडियमवर हजारोंची गर्दी असते. तेथील मुलाला खेळताना पाहणारे डोळे आधीच हजर असतात. वणी-राजूरच्या मुलाला ते भाग्य नाही.

आता ‘महादेवा’कडे परत वळू. साठ मुलांची निवड झाली, म्हणजे काम संपले असे समजले गेले, तर अमेरिकेच्या चुका आपण स्वस्तात विकत घेतल्यासारखे होईल. पहिली गोष्ट, निवडीचे दार पुन्हा उघडले पाहिजे. तेराव्या वर्षी साठ घेतले, तर पंधराव्या आणि सतराव्या वर्षी नव्या मुलांसाठी राखीव जागा हव्यात. आरन्सनसारखा मुलगा त्या दारातूनच येतो. आपल्याच २०१७ च्या संघातील जॅक्सन सिंग स्पर्धेला काही महिने उरले असताना मिनर्वा अकादमीच्या मुलांतून संघात आला आणि कोलंबियाविरुद्ध भारताचा विश्वचषकातील पहिला गोल त्यानेच केला. दुसरी गोष्ट, निवडलेल्यांचे जन्ममहिने आणि तालुके जाहीर करावेत. जानेवारी ते मार्चचीच गर्दी दिसली किंवा काही मोजक्या शहरांचीच नावे दिसली, तर चाळणी कोठे चुकते हे आपोआप कळेल. तिसरी गोष्ट, मुलांना मैदानाकडे बोलावण्याऐवजी निरीक्षकांनी तालुक्यात जावे. वेस्टर्न कोलफील्ड्ससारख्या सार्वजनिक कंपनीच्या वसाहतींमधून शालेय मुलांची हंगामी लीग चालविणे फार खर्चाचे नाही.

चौथी गोष्ट अधिक कठीण आहे. निवडलेला मुलगा अठराव्या वर्षी जाणार कोठे? महिंद्र युनायटेड २०१० मध्ये बंद झाला, मुंबई एफसी गेला, पुण्याचा एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये गुंडाळला गेला. होतकरू मुलांसाठी महासंघाने चालविलेला ‘इंडियन अॅरोज’ संघ २०२२ मध्ये विसर्जित झाला. २०२५-२६ चा इंडियन सुपर लीगचा हंगाम व्यावसायिक हक्कांच्या वादामुळे कित्येक महिने रखडला. शिडीच्या वरच्या पायऱ्या अशा निखळत असताना खालच्या पायरीवरच्या मुलांना पुष्पहार घालणे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे. म्हणून या साठ जणांच्या शालेय शिक्षणाची हमी खेळाइतकीच पक्की असली पाहिजे. कारण अमेरिकेचा सातात एक हा हिशेब आपण आशावादाने स्वीकारला, तरी साठांपैकी पन्नासांहून अधिक मुलांना पुढे दुसरे काहीतरी करून जगायचे आहे.

अमेरिकेत मात्र बालवयातील भाकिताचा मोह सुटलेला नाही. १७ जुलै २०२४ रोजी फिलाडेल्फिया युनियनकडून कॅव्हन सलिव्हन १४ वर्षे २९३ दिवसांचा असताना मैदानात उतरला आणि अडूचा विक्रम मोडला. अठरा वर्षांचा झाल्यावर त्याने मँचेस्टर सिटीकडे जावे, असा करारही आधीच झालेला आहे. तो मोठा खेळाडू होईलही. फरक इतकाच, की त्या देशात आता प्रत्येक मोठ्या क्लबची अकादमी आहे, २०२० पासून देशव्यापी युवा लीग आहे आणि २०२२ पासून तिच्या वरची पायरी म्हणून स्वतंत्र व्यावसायिक लीगही आहे. एक भाकीत चुकले, तर दुसऱ्या आरन्सनला सापडण्याची सोय तेथे झाली आहे. भाकीत अचूक करण्याची कला कोणालाच साधलेली नाही. ते चुकल्यावर सावरण्याची व्यवस्था तेवढी उभारता येते. महाराष्ट्राने आपला पैसा त्या व्यवस्थेवर खर्च करावा. तिची पहिली कसोटी वानखेडेवर नव्हे, राजूरसारख्या गावात लागणार आहे.